'फार शांत आहे' असे सांगून दिलेली कुत्री वीस दिवस वॉशिंग मशीनच्या मागे बसून आहे

प्राजक्त · २९ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई अशी तीनच माणसे आहेत. वीस दिवसांपूर्वी आम्ही एक गावठी कुत्री दत्तक घेतली. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तिचा जन्म झाला. शेडला बाहेरून कुलूप होते, तिची आई पत्र्याच्या फटीतून ये-जा करत असे आणि पिल्ले आतल्या आतच वाढली. जुलैमध्ये साफसफाईसाठी कुलूप उघडले तेव्हा ती सापडली. दातांवरून त्या वेळी तिचे वय सात महिन्यांचे ठरले, म्हणजे तोवर तिने माणूस जवळून पाहिलेलाच नव्हता. पुढचे दोन महिने ज्या ताईंनी तिला सांभाळले, त्यांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेतले होते. 'फार शांत आहे, काही त्रास देणार नाही,' असे सांगून त्यांनी ती आमच्या हवाली केली. कारळ्यासारखी काळी म्हणून सासूबाईंनी तिचे नाव कारळी ठेवले.

पहिले दोन दिवस आम्हालाही तिचे कौतुक वाटले. उचलून घेतले तर ती अंग सैल सोडून देत असे, आंघोळ घातली तेव्हा तिने 'कुईं'सुद्धा केले नाही, आणि शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला तरी ती जागची हलली नाही. 'किती गुणी आहे हो,' असे सगळेच म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून मात्र ती मागच्या बाल्कनीतील वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली, आणि आजही तिथेच आहे. आमच्यासमोर ती खात नाही. दिवे मालवल्यावर वाटी रिकामी होते. वीस-वीस तास ती लघवी धरून ठेवते आणि पहाटे बाल्कनीच्या मोरीपाशी उरकते. तिला माणसांची सवय व्हावी म्हणून आम्ही रोज संध्याकाळी तिला उचलून दिवाणखान्यात आणून बसवतो, आणि सोडले की ती पुन्हा मशीनमागे जाते. नवव्या दिवशी असेच बाहेर काढताना यजमानांच्या तळहाताला तिचा दात लागून थोडा ओरखडा आला, टिपकाभर रक्तही आले. कुत्रीला रेबीजची लस दिलेली असल्यामुळे आम्ही त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

आशेची जागा एकच आहे. सासूबाई संध्याकाळी बाल्कनीच्या दाराशी पाटावर बसून पोथी वाचतात, तेव्हा मशीनमागून तिचे नाक बाहेर येते. गेल्या चार दिवसांपासून त्या प्रसादाचे चार-दोन बेदाणे तिच्याकडे सरकवतात आणि ती ते खाते. दिवसाउजेडी तिने खाल्लेली ही पहिलीच वस्तू आहे. तिला रोज बाहेर काढण्याचा क्रम आम्ही चालू ठेवावा का? दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. असे कुत्रे कोणी सांभाळले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

द्राक्षवेल · २९ सप्टेंबर, रात्री ९.५५

ताई, बाकीचे नंतर वाचा, आधी बेदाणे बंद करा. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एखादे कुत्रे मूठभर खाऊन पचवते आणि एखादे थोडक्यावर आजारी पडते, त्यामुळे 'इतके चालतात' असे प्रमाण कोणालाच सांगता येत नाही. अलीकडे द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले जाते. बेदाण्यात पाणी उडून गेलेले असते, म्हणून वजनाच्या मानाने तो अधिक घातक ठरतो. दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे आणि बागेत राखणीला कुत्रीही आहेत. काढणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी वेचण्यासाठी आम्ही वेगळा माणूस लावतो तो याच कारणाने.

खूर आणि पंजा · २९ सप्टेंबर, रात्री १०.३०

मी पशुवैद्य आहे. द्राक्षवेल यांनी लिहिलेले बरोबर आहे. उद्या सकाळीच रक्ततपासणी करून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) पाहून घ्यावे, आणि शेवटचा बेदाणा आज संध्याकाळचा असेल तर ती तपासणी ७२ तासांनी पुन्हा करावी. उलटी, अन्न नाकारणे आणि लघवी कमी होणे ही या विषबाधेची लक्षणे असतात. तुमच्याकडे अडचण अशी आहे की ही कुत्री भीतीमुळे आधीच कमी खाते आणि लघवी धरून ठेवते, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला तरी तो तुम्हाला ओळखू येणार नाही. म्हणून केवळ लक्षणांवर विसंबून चालणार नाही.

आता ओरखड्याविषयी. दात लागून रक्त आले की ती जखम लसीकरण झालेल्या कुत्र्याची असली तरी साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. भारतात लस तात्काळ सुरू करतात, आणि चावलेले कुत्रे पुढचे १० दिवस निरोगी राहिले तर डॉक्टर उपचारात बदल करतात. तुमच्या प्रकरणात अकरा दिवस होऊन गेले आहेत आणि कुत्री ठीक आहे, त्यामुळे भीतीचे कारण उरलेले नाही. पण ते केवळ नशीब म्हणायचे. घरात अशी कुत्री असताना तिघांनीही प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

प्राजक्त · ३० सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

आपणा दोघांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. क्रिएटिनिन आज तरी मर्यादेत आले आहे आणि परवा पुन्हा तपासायचे आहे. यजमानही डॉक्टरांकडे जाऊन आले. कारळीला कपड्यांच्या टोपलीत घालून दवाखान्यात नेले. तिथे रक्त काढताना ती इतकी निमूट होती की मदतनीस मुलगाही म्हणाला, 'असा शांत पेशंट रोज यावा.' टेबलावरून तिला उचलले तेव्हा स्टीलच्या पत्र्यावर तिच्या चारही पंजांचे ओले ठसे उमटलेले मला दिसले.

सिडकोकर · ३० सप्टेंबर, रात्री ८.५०

बेदाण्यांचे संकट टळले हे वाचून बरे वाटले. मूळ प्रश्नाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो. ही कुत्री आयुष्यभर अंधारात वाढली आहे आणि तुम्ही तिला पुन्हा अंधाराचा कोपराच देत आहात. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तिला गोदापार्कवर न्यावे, माणसे, सायकली, मुले, इतर कुत्री सगळे तिच्यासमोरून जाऊ द्यावे. पहिले आठ दिवस ती थरथरेल, नंतर काही होत नाही हे तिला कळेल. माझा लॅब्रॅडोर अकरा वर्षांचा आहे. लहानपणी तो दुचाक्यांना घाबरत असे, तेव्हा मी त्याला त्र्यंबक रोडच्या कडेला घेऊन बसत असे. महिन्याभरात त्याची भीती गेली.

गोदाकाठ · १ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

गेली बारा वर्षे मी पंचवटीत माझ्या घरी भित्री कुत्री तात्पुरती सांभाळते आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

प्राजक्तताई, तुम्ही पाहिलेले पंजांचे ओले ठसे फार महत्त्वाचे आहेत. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि थंड टेबलावर तो येतो भीतीने. म्हणजे जिला सगळे शांत म्हणत होते ती त्या क्षणी कमालीची घाबरलेली होती. घाबरलेल्या प्राण्यापुढे पळणे, प्रतिकार करणे आणि गोठून जाणे असे मार्ग असतात. शेडमधल्या कुत्रीला पळायला जागा नसते आणि प्रतिकार करण्याचे बळ नसते, म्हणून ती गोठते. तिने अंग सैल सोडले होते, आंघोळीत आवाज केला नव्हता आणि काकूंच्या हाताखाली ती हलली नव्हती, यांतले काहीही संमतीचे लक्षण नव्हते. पुढच्या वेळी तोंडाकडे पाहा. अन्न समोर नसताना ओठांवरून जीभ फिरणे, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांच्या कडेला चंद्रकोरीसारखा दिसणारा पांढरा भाग, मागे चिकटलेले कान हे सगळे तुम्हाला दिसेल.

सिडकोकर दादांच्या मताविषयी. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. आज तो क्रूर वाटतो, पण त्यातून कळलेली गोष्ट या प्रश्नाला थेट लागू पडते. ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेचा धक्का टाळता येत नव्हता, त्यांना नंतर बुटक्या अडसरावरून उडी मारून सहज सुटता येईल अशा ठिकाणी ठेवले. त्यांतली बरीचशी कुत्री उडी न मारता कण्हत तिथेच पडून राहिली. गर्दीत धरून ठेवलेले कुत्रे आठव्या दिवशी थरथरायचे थांबते तेव्हा त्याची भीती गेलेली असेलच असे नाही, 'आपल्या हातात काही नाही' हे त्याने स्वीकारलेलेही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पुढे २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच सिद्धान्त उलटा केला. निश्चल होणे ही दीर्घ संकटातली मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते आणि शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने काही बदलते' हे, असे त्यांनी मांडले. कारळीला नेमके हेच शिकवायचे आहे, आणि रोज उचलून दिवाणखान्यात बसवण्याने तिला त्याच्या उलट शिकवले जात आहे.

दुसरा फरक वयाचा आहे. पिल्लाचे मन माणसांना आणि जगाला आपलेसे करण्यासाठी उघडे असते ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत काही पिल्ले कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती, त्याचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटला नाही ती पिल्ले नंतर रानटी जनावरासारखी वागत. दादांचा लॅब्रॅडोर माणसांत वाढलेला होता, त्याला फक्त दुचाक्यांची ओळख करून घ्यायची होती आणि शेजारी भरवशाचा माणूस बसलेला होता. कारळीला अजून तो भरवशाचा माणूसच मिळालेला नाही.

सिडकोकर · १ ऑक्टोबर, दुपारी १.१०

ताई, प्रयोगाची माहिती मला नवी आहे आणि तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण मग करायचे काय? तिला मशीनमागेच राहू द्यायचे? ज्याला त्याला 'घाबरते हो' म्हणत झाकून ठेवलेली कुत्रीही मी पाहिली आहेत. ती दहा वर्षांनी पलंगाखालीच मरतात.

गोदाकाठ · १ ऑक्टोबर, रात्री ९.००

ही शंका अगदी रास्त आहे. झाकून ठेवणे हीसुद्धा चूकच आहे. फक्त अंतर किती ठेवायचे हे तिने ठरवायचे आणि ते कमी करण्याचे कारण आपण पुरवायचे.

मशीनमागची जागा तशीही वाईट आहे. तिथे वायर असते, मशीन हादरते, आणि धुणे लावायचे तर तिला हाकलावे लागते. म्हणून सासूबाईंच्या पाटापासून पाच-सहा हातांवर एक जुने टेबल भिंतीला लावून ठेवा, त्यावर जमिनीपर्यंत चादर सोडा, एक बाजू उघडी ठेवा आणि आत तिच्याच वासाचे पोते अंथरा. या टेबलाखाली कोणीही, कधीही हात घालायचा नाही. रात्रीची वाटी रोज वीतभर टेबलाकडे सरकवत न्या. ती एखाद्या जागी थबकली तर दोन पावले मागे या. धुणे काही दिवस बाहेर द्यावे लागले तर द्या.

खाऊ हातातून देण्याची घाई करू नका. भित्रे कुत्रे घासाच्या ओढीने पुढे येते, घास तोंडात पडताच आपण माणसाच्या किती जवळ आलो हे त्याच्या ध्यानात येते आणि ते दचकून पळते. मग त्याच्या मनात घासाशीच धोक्याची गाठ पडते. त्याऐवजी तिने आपल्याकडे नुसते पाहिले तरी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा तिच्या मागे टाका. ती मागे वळेल, सुरक्षित अंतरावर खाईल आणि पुढच्या तुकड्यासाठी आपल्या पायांनी पुन्हा पुढे येईल. पुढे येणे आणि मागे जाणे दोन्ही तिच्या मर्जीने होते, आणि या पद्धतीचा सगळा जोर त्यातच आहे. आपण तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसायचे, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही.

लघवीसाठी पसरट ट्रेमध्ये बागेतली माती भरून मोरीजवळ ठेवा. पहिले तीन महिने पाहुणे नकोत, आंघोळ नको. आणि सासूबाईंची पोथी एकही दिवस चुकू देऊ नका. एकाच वेळी, एकाच लयीत, तिच्याकडे न पाहता कोणीतरी बोलत बसते याच्याइतके चांगले औषध मला माहीत नाही. फक्त प्रसाद बदला.

देवळालीकर · २ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

आमच्या देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे आणि सरावाचे धडाके घरापर्यंत ऐकू येतात, त्यामुळे आवाजाला भिणारी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. फटाक्याचा आवाज आपल्याला जेवढा कळतो तेवढाच त्याला कळतो असे समजू नये.

ध्वनिमुद्रित फटाके हळू आवाजात लावून, सोबत खाऊ देऊन, आवाज थोडा थोडा वाढवत नेण्याची पद्धत खरी आहे. पण या पद्धतीला काही महिने लागतात. तीन आठवड्यांत ती उरकायला गेलात तर फटाके दिवाळीआधीच सुरू झाले असे कारळीला वाटेल. यंदा केवळ निभावून न्यायचे आहे. घरात सर्वांत आतली, खिडकी नसलेली जागा निवडा, आजपासूनच तिथे तिचा खाऊ पडू द्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती जागा तिला परकी वाटणार नाही.

खूर आणि पंजा · २ ऑक्टोबर, रात्री ११.००

दिवाळीच्या औषधांविषयी लिहितो, कारण पुढच्या पंधरा दिवसांत पुष्कळ जण दुकानातून काहीतरी आणून देतील. पूर्वी फटाक्यांसाठी एसप्रोमाझिन हे गुंगीचे औषध सर्रास देत असत. त्याने कुत्रे निपचित पडते आणि घरच्यांना बरे वाटते, पण भीती कमी होतेच असे नाही, फक्त अंग हलवता येत नाही. वर गोदाकाठ यांनी जे गोठणे वर्णन केले आहे, तेच आपण गोळीने घडवून आणल्यासारखे होते. म्हणून आता भीतीसाठी ते एकटे देऊ नये असे मानतात. भीती कमी करणारी ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे असतात. त्यांची मात्रा वजन, मूत्रपिंडाची स्थिती आणि इतर औषधे पाहून पशुवैद्यानेच ठरवायची असते. एखाद्या सामान्य दिवशी ती आधी देऊनही पाहावी, दिवाळीच्याच रात्री पहिल्यांदा देऊ नये. कारळीचा दुसरा रक्त-अहवाल पाहिल्याशिवाय मी काहीही सुचवणार नाही.

दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर रोज देण्याच्या औषधाचा, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिनचा, विचार करावा. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. औषध देणे म्हणजे हार मानणे नव्हे. मेंदू सतत भेदरलेला असेल तर त्याला काही शिकताच येत नाही.

निवृत्तीनंतर · ३ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४५

अजून कोणी दाराविषयी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी वसुबारसेच्या दिवशी आमची अशीच एक नवी कुत्री कुरिअरवाल्यासाठी दार उघडले त्या फटीतून निसटली. गंगापूर रोडवर मी, माझा मुलगा आणि सोसायटीतली दहा मुले तिच्या नावाने हाका मारत पळत होतो. ज्या नावाची तिला ओळख नाही ते नाव ओरडत मागे धावणारी बारा माणसे म्हणजे तिच्या लेखी शिकारीच होते, हे मला फार उशिरा उमगले. चौथ्या रात्री एका रोपवाटिकेच्या माळ्याला ती दिसली. या वेळी आम्ही कोणीही हाक मारली नाही. तिचे अंथरूण आणि भाताची वाटी नेऊन ठेवली आणि मी लांब, पाठ करून खुर्ची टाकून बसलो. पहाटे साडेतीनला ती अंथरुणावर येऊन झोपली.

तेव्हा प्राजक्त, सेफ्टी डोअर बंद असल्याशिवाय आतले दार उघडायचे नाही, हा नियम दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना लावा. बाहेर नेण्याची वेळ येईल तेव्हा गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना वेगवेगळे पट्टे लावा, कारण भेदरलेले कुत्रे उलटे सरकून एकातून सहज सुटते. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आजच लावा.

प्राजक्त · २५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

दिवाळी पार पडली. दुसरा रक्त-अहवालही चांगला आला होता. पशुवैद्यांनी वजन घेऊन औषध ठरवले आणि आठवडाभर आधी एकदा देऊन पाहिले. न्हाणीघरालगतच्या अडगळीच्या खोलीत गादी टाकली. लक्ष्मीपूजन झाल्यावर सासूबाई आम्हाला फराळाला बसवून स्वतः तिथे गेल्या आणि रात्री साडेबारापर्यंत पोथी वाचत बसल्या. कारळी थरथरत होती, पण त्यांच्यापासून दोन हातांवर होती, आणि तिथे आपल्या पायांनी गेली होती.

ती टेबलाखाली आली त्याचीही हकीकत सांगते. वाटी वीतभर सरकवण्याचा क्रम सहाव्या दिवशी अडला, कारण मधल्या दाराचा उंबरठा तिला ओलांडवेना. चार दिवस वाटी तिथेच राहिली. आम्ही कंटाळलो होतो, यजमान तर 'एकदा उचलून ठेवू या' असेही म्हणाले. अकराव्या रात्री उंबरठ्याच्या आत वाटी रिकामी मिळाली.

सिडकोकर · २६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

उंबरठ्यापाशी मी नक्कीच उचलून ठेवले असते. बरे झाले तुम्ही मला विचारले नाही.

प्राजक्त · ८ डिसेंबर, रात्री ९.३०

प्रगती सरळ रेषेत होत नाही हे प्रामाणिकपणे नोंदवते. नोव्हेंबरात ती दिवसा खाऊ लागली होती आणि सासूबाईंच्या पाटाला नाक लावून जात होती. मग वरच्या मजल्यावर फरशी फोडण्याचे काम निघाले आणि तीन दिवसांत ती पुन्हा मशीनमागे गेली. रात्रीची वाटीसुद्धा तशीच राहू लागली. मी रडले, हेही लिहून टाकते. काम संपल्यावर परत यायला तिला नऊ दिवस लागले. पहिल्यांदा महिना लागला होता, एवढाच काय तो हिशेब माझ्या बाजूचा आहे. शेवटी कालपासून रोजचे औषधही सुरू केले आहे.

गोदाकाठ · ९ डिसेंबर, सकाळी ६.५०

महिन्याचे नऊ दिवस होणे ही लहान गोष्ट नाही. औषध सुरू केले ते योग्यच केले. आता आणखी एक सुचवते. माणसांत न वाढलेली ही कुत्री भावंडांत मात्र वाढली आहे, कुत्र्याची भाषा तिला येते. एखादे वयस्क, धीराचे, माणसांवर विश्वास असलेले कुत्रे आठवड्यातून दोनदा तासभर घरी आले, तर माणसाच्या जवळ गेल्याने काय होते हे ती त्याच्याकडे पाहून शिकेल. उड्या मारणारे तरुण कुत्रे मात्र नको.

सिडकोकर · ९ डिसेंबर, सकाळी ९.१५

आमचे म्हातारबुवा चालतील का? सांधे धरलेले असल्यामुळे ते उड्या मारण्याच्या पलीकडे गेले आहेत. लसी वेळच्या वेळी झालेल्या आहेत. जिन्याने हळूहळू चढतील.

प्राजक्त · १९ जानेवारी, रात्री १०.००

म्हातारबुवा आतापर्यंत नऊ वेळा आले. पहिल्या दिवशी ते थेट सासूबाईंच्या पायाशी जाऊन घोरू लागले. कारळी टेबलाखालून पाऊण तास पाहत होती आणि मग बाहेर येऊन तिने त्यांच्या कानाचा वास घेतला. पाचव्या भेटीत ते पोट वर करून लोळत असताना यजमान त्यांना खाजवत होते, तेव्हा ती येऊन यजमानांच्या दुसऱ्या हाताशी उभी राहिली. त्यांनी तीन सेकंद मानेखाली बोटे फिरवली आणि ठरल्याप्रमाणे हात काढून घेतला. ती गेली नाही, तिने नाकाने हात ढोसला. चार महिन्यांत तिने आमच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती.

सिडकोकर दादा, तुम्ही दिवाणखान्यात पाठ करून तासभर वर्तमानपत्र वाचत बसता, त्याचे सासूबाईंना फार कौतुक आहे.

प्राजक्त · ५ मार्च, रात्री ९.२०

आज एक घटना घडली आणि ती चांगली की वाईट यावर घरात दुमत आहे. कारळी आता पहाटे साडेचारला दोन पट्ट्यांवर खाली उतरते आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. लिफ्टला तिचा नकार आहे, आम्ही जिनाच वापरतो. आज परतताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी 'अगं बाई, किती धीट झाली' म्हणत डोक्यावर हात ठेवायला वाकून हात पुढे केला आणि कारळी गुरगुरली. दात दाखवले नाहीत, पुढेही आली नाही, फक्त हलक्या आवाजात गुरगुरली. काकूंनी हात मागे घेतला. यजमान म्हणतात की सोसायटीत आता बोभाटा होईल. सप्टेंबरात याच काकूंच्या हाताखाली ती दगडासारखी पडून होती ते मला आठवत होते, आणि मला आनंद झाला. मी तिला रागावले नाही. चुकले का?

खूर आणि पंजा · ५ मार्च, रात्री १०.०५

चुकले नाही. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले किंवा दटावले तर ते सूचना देणे सोडते आणि पुढच्या वेळी थेट चावते. आज तिने 'नको' म्हटले आणि हात मागे गेला, हे तिला कळू देणे आवश्यक होते. मात्र काकूंना आधी सांगून ठेवण्याची आणि जिन्यात कोणी दिसताच तिच्या आणि त्यांच्या मध्ये आपण उभे राहण्याची जबाबदारी तुमची आहे, ती विसरू नका.

देवळालीकर · ६ मार्च, सकाळी ७.४०

रविवारी रंगपंचमी आहे. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतील आणि तुमच्याकडेही कुठे ढोल, कुठे ध्वनिवर्धक लागणारच. अडगळीच्या खोलीची तयारी आजपासून करून ठेवा. ओळखीतल्या कोणाचे शहराबाहेर शेत असेल आणि कारळीला गाडीची सवय झाली असेल, तर तो दिवस तिकडे काढणे सर्वांत सोपे.

प्राजक्त · ६ मार्च, सकाळी ८.३०

गाडीत ती आता झोपते. शेत मात्र आमच्या ओळखीत कोणाचेच नाही.

द्राक्षवेल · ६ मार्च, सकाळी ९.००

ओळखीत कोणी नाही म्हणजे काय, ताई? रविवारी पहाटेच निघा, सासूबाईंनाही आणा, त्यांच्या पोथीसाठी ओसरी आहे. म्हातारबुवांनाही जागा आहे. फक्त काढणी चालू असल्यामुळे बागेत मण्यांचा सडा पडलेला असतो, तेव्हा दोन्ही कुत्र्यांना बागेकडे अजिबात न्यायचे नाही. गाडी थेट मागच्या गोठ्यापाशी आणा, आमची राखणीची कुत्री मी आदल्या रात्रीच पलीकडच्या मळ्यात पाठवतो. गेट लावून घेतल्याचा माझा फोन आल्याशिवाय गाडीचे दार उघडू नका.